बुधवारी सापडले, शनिवारी हरवले: गंटर्सव्हिल जलाशयावरच्या बास स्पर्धेच्या तयारीचं एक प्रकरण

अमेरिकेत अलाबामातला गंटर्सव्हिल जलाशय, जूनचा पहिला शनिवार, बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाची, एका नावेत दोघे अशी एकदिवसीय गळ-स्पर्धा. एका जोडीने बुधवार ते शुक्रवार सराव केला, खोल पाण्यातल्या सात जागा शोधल्या, तिथे मासे धडाधड लागले. शनिवारी मात्र ती वजनकाट्यावर चारच मासे घेऊन आली. मर्यादा पाचाची होती. वजन भरलं ११ पौंड २ औंस, त्यातून एका मेलेल्या माशाचे ४ औंस वजा. जोडी आणि तिचे आकडे नमुन्यादाखल मांडले आहेत. जलाशय, नियम आणि पाण्याचं वागणं खरं आहे. आणि ही चूक फार जुनी आहे.

असं झालं की नशिबाला, उन्हाला किंवा शेजारच्या नावेला बोल लावला जातो. इथे तिन्हींचा थोडाथोडा हात होता. पण घोटाळा झाला तो सरावाच्या वेळापत्रकात, आणि तोही बुधवारी दुपारीच.

पाणी कसं आहे

टेनेसी नदीवर टीव्हीएने (टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, धरणं आणि वीज सांभाळणारी अमेरिकी सरकारी संस्था) बांधलेलं गंटर्सव्हिल धरण १९३९ मध्ये पुरं झालं. मागचा जलाशय सुमारे ६९,००० एकरांचा, वरच्या निकजॅक धरणापर्यंत ७५ मैल लांब. वर्षभरात त्याची पातळी जेमतेम दोन फूट वरखाली होते. त्यामुळे नवख्याला वाटतं, हे पाणी स्थिर आहे. पातळी स्थिर असते, प्रवाह नसतो. दोन्ही धरणांवर वीज तयार होते आणि टर्बाइन किती चालवायची हे बऱ्याच अंशी विजेच्या मागणीवर ठरतं. उन्हाळ्यात कामाच्या दिवशी दुपारी वातानुकूलन यंत्रं चालू होतात, मागणी चढते, पाणी सुटतं, नदी वाहू लागते. शनिवारी-रविवारी, त्यातही सकाळी, मागणी कमी असते. हा पक्का नियम नव्हे. पाऊस झाला असेल तर आठवडाभर रात्रंदिवस पाणी सुटतं. पण कल असा असतो, आणि स्पर्धा बहुधा शनिवारीच असतात.

प्रवाहाला एवढं महत्त्व का? जूनपर्यंत लार्जमाउथ बासचं अंडी घालणं आटोपलेलं असतं. मोठ्या माद्यांपैकी बऱ्याच जणी मुख्य नदीच्या जुन्या पात्राकडे सरकतात. तिथे तळ १२-१५ फुटांवरून एकदम २५-३० फुटांवर उतरतो. या कडेला तिथले गळकरी लेज म्हणतात. पाणी वाहत असलं की शॅड या छोट्या माशांचे, म्हणजे बासच्या खाद्याचे, थवे या कडेवरून ढकलले जातात. बास शिंपल्यांच्या थराआड, उंचवट्याच्या किंवा एखाद्या बुंध्याच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून रांगेत उभे राहतात. एका खोलीभर जागेत तीस-चाळीस मासे असू शकतात आणि पुढून येईल त्यावर ते झडप घालतात. प्रवाह थांबला की रांग मोडते. मासे तिथेच असतात, पण विखुरतात, तळ सोडून मधल्या पाण्यात तरंगत राहतात. सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसतात, तोंड उघडत नाहीत. तासन् तास फुकट घालवायला याहून चांगली सोय नाही.

पण सगळे बास खोलात जात नाहीत. गंटर्सव्हिलला हायड्रिला, मिलफॉइल आणि ईलग्रास या पाणगवतांचे मोठे पट्टे आहेत. मे-जूनमध्ये ब्लूगिल मासे उथळ पाण्यात घरटी करतात. तळावर ताटाएवढ्या वाटोळ्या खळग्यांचा पुंजका दिसला की ती वसाहत ओळखावी. तिच्या आसपासच्या गवतात चार-पाच पौंडांचा बास दबा धरून असतो आणि त्याला टर्बाइनशी काही देणंघेणं नसतं. या जोडीला हे ऐकून माहीत होतं. तपासून माहीत नव्हतं.

तीन दिवस कसे गेले

बुधवारी सकाळचा वेळ त्यांनी सोनारवर घालवला, आणि तो भाग त्यांनी उत्तम केला. नाव ताशी ४-५ मैलांनी कडेला समांतर, साइड इमेजिंगचा, म्हणजे सोनारने बाजूंचा तळ पाहण्याचा, पल्ला दोन्ही बाजूंना ८० फूट. पल्ला याहून वाढवला की मासे ठिपक्यांऐवजी धूळ दिसू लागतात. नदीचं वळण, उपनदीचं जुनं पात्र मुख्य पात्राला मिळतं ती जागा, कडेवरचा कठीण तळ, एवढंच त्यांनी पाहिलं. बाकीची सरळ कड सोडून दिली. पडद्यावर पांढरे ठिपके आणि त्यांच्यामागे सुट्या सावल्या दिसल्या की खूण टाकायची. ठिपक्यापासून सावली जितकी लांब तितका मासा तळापासून वर. दुपारपर्यंत सात खुणा झाल्या, मासे १६ ते २२ फुटांवर.

एक वाजता त्यांनी क्रँकबेट (ओढलं की खोल डुबणारं माशासारखं आमिष) टाकला. पहिल्या पाच फेकीत तीन मासे. इथे हात आवरायला हवा होता. बुधवार दुपार आणि गुरुवार दुपार मिळून त्यांनी त्या सात जागांवरून चौदा मासे वर काढले आणि सोडले. थव्यातला एक मासा गळाला लागला की बाकीचे चेकाळून मागे धावतात. पण पाच-सहा निघाले की तोच थवा त्या आमिषाकडे पाठ फिरवतो. पुन्हा तयार व्हायला त्याला कधी काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. सरावात आमिषाच्या गळांची टोकं पक्कडीने आत वळवावीत किंवा कापून टाकावीत. मासा धरतो, हाताला धक्का कळतो, वजनाचा अंदाज येतो, मासा सुटतो. आकार पाहायचाच असेल तर प्रत्येक जागेवर एकच काढावा.

दुसरी चूक पहिलीहून महाग पडली. दोन्ही दिवस ते खोल जागांवर दुपारी एक ते पाच याच वेळात गेले, म्हणजे नेमकं पाणी सुटलेलं असताना. स्पर्धा सुरू होणार होती पहाटे साडेपाचला आणि तीनला वजन. दुपारी एक ते पाच या वेळातला निम्म्याहून जास्त भाग शनिवारी त्यांच्या हातात नव्हताच. पहाटे त्या कडेवर काय चालतं याची एकही नोंद वहीत नव्हती. गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ आणखी खोल जागा शोधण्यात गेली. आठवी, नववी, दहावी खूण. एकाच प्रकारच्या दहा जागा म्हणजे दहा पर्याय नव्हेत. पाणी थांबलं की दहाही एकदम बंद.

तिसरी चूक साधी आहे. टीव्हीए प्रत्येक धरणातून सुटणाऱ्या पाण्याचे आकडे आणि पुढचा अंदाज संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर देते. शुक्रवारी संध्याकाळी तो पाहिला असता तर शनिवारी सकाळचा विसर्ग बुधवार दुपारच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली राहणार हे कळलं असतं. ते त्या वेळी आमिषांच्या पेट्या लावत होते.

शनिवार

पहिल्या कडेवर पोहोचले तर तिथे आधीच एक नाव. गंटर्सव्हिलच्या नावाजलेल्या कडा सगळ्यांच्या नकाशात असतात, यात तक्रारीला जागा नाही. दुसऱ्या जागेवर मासे दिसले, तळापासून सहा-आठ फूट वर, विखुरलेले. क्रँकबेट, मग जिग (जड डोक्याचा गळ), मग पुन्हा क्रँकबेट. दहा वाजेपर्यंत दोन मासे. एव्हाना पहाटेची, उथळ पाण्यातली सर्वांत मोलाची तीन तासांची वेळ संपली होती. नंतर ते गवतात शिरले. पण कुठलं गवत, किती खोल, पट्ट्याच्या आत की काठावर, याचा पत्ता नसल्याने नुसती नाव हाकली गेली. दुपारी एकच्या सुमारास पाणी हलू लागलं आणि कडेवर अर्ध्या तासात आणखी दोन मासे आले. तोवर परतायची वेळ जवळ आली होती.

हेच तीन दिवस पुन्हा मांडले तर

सराव म्हणजे मासे शोधणं, ही समजूत इथे आड येते. मासे शोधणं सोपं आहे. हल्लीचे सोनार ते जवळजवळ आपोआप करतात. शनिवारी साडेपाच ते तीन या वेळात पाणी ज्या ज्या अवस्थांत असू शकेल, त्या प्रत्येक अवस्थेसाठी एक तपासलेली जागा हाताशी हवी. या जलाशयावर जूनमध्ये अशा दोनच अवस्था महत्त्वाच्या: वाहतं आणि थांबलेलं.

म्हणून बुधवारची पहाट उथळ पाण्यात घालवायची. झुंजुमुंजू झाल्यावर पहिला तासभर गवताच्या बाहेरच्या काठावर, पृष्ठभागावर चालणारं आमिष घेऊन. शॅड अजून अंडी घालत असतील तर दगडी काठाशी किंवा गवताच्या कडेला पाण्यावर बारीक फडफड दिसते. ती सूर्य वर आला की बंद होते, म्हणून आधी तिथे. मग ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून ब्लूगिलची घरटी शोधायची, साधारण दोन ते पाच फूट पाण्यात. वसाहत सापडली की तिच्यावर नाव न नेता खूण टाकून निघायचं. तिच्या खोल बाजूच्या गवतात, गळ कापलेला पोकळ बेडूक (बेडकासारखं प्लास्टिकचं आमिष) टाकून दोन-तीन झडपा मिळाल्या की ती जागा पक्की.

दुपारी सोनार, जसा त्यांनी फिरवला तसाच. गुरुवारी पहाटे मात्र थेट खोल कडेवर, पाणी थांबलेलं असताना. मासे लागणार नाहीत ही भीती असते, पण तेच तर पाहायचं आहे. थांबलेल्या पाण्यात कुठल्या कडेवर थोडे तरी मासे तळाला चिकटून राहतात, ते हळू आमिषाला तोंड लावतात का, हे कळलं तर सातांतल्या दोन जागा वेगळ्या काढता येतात. शुक्रवारी दुपारनंतर पाण्यावर थांबू नये. दमलेला माणूस शनिवारी गाठ चुकीची मारतो.

प्रवाह आहे की नाही हे अ‍ॅपवर विसंबून ठरवायचं नाही, कारण सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि अंदाज बदलतो. नदीच्या मार्गावर लाल-हिरव्या पिंपवजा खुणा साखळीने बांधलेल्या असतात. त्यातली एखादी प्रवाहाच्या दिशेने कललेली असेल आणि तिच्यामागे पाण्याची शेपटी दिसत असेल, तर कडेवर जावं. सरळ उभी असेल तर गवतात. वारा नसताना इंजिन बंद करून जीपीएसवर नाव किती वेगाने वाहते हे पाहिलं तरी चालतं. शनिवारी दर दीड-दोन तासांनी ही तपासणी करायची, आणि खूण कलली की गवतात मासे लागत असले तरी कडेवर जायचं. हे करणं जड जातं. पण वाहत्या पाण्यात एका कडेवर वीस मिनिटांत पाच मासे भरू शकतात. गवतात तेवढ्याला चार तास लागतात.

काठ्या आणि आमिषं

जोडीच्या नावेवर अठरा काठ्या होत्या. दहा पुरतात, कारण प्रत्येक काठीला तिची जागा आणि वेळ ठरलेली असली पाहिजे.

वाहत्या कडेसाठी चार. पहिली, २० फुटांपलीकडे जाणाऱ्या क्रँकबेटची: सात फूट दहा इंचांच्या आसपासची, लवचीक, फायबरग्लास मिसळलेली काठी, ५.४:१ गुणोत्तराचं मंद रीळ, १० ते १२ पौंड ताण सोसणारी फ्लुरोकार्बन (पारदर्शक, पाण्यात बुडणारी) दोरी. दोरी १५ची घेतली की आमिष दोनेक फूट वरच राहतं, तळाला टेकत नाही. आणि क्रँकबेट तळाला आपटल्याशिवाय बास क्वचितच धरतो. दुसरी, पाऊण औंसाच्या फुटबॉल जिगची, १५ पौंड दोरीवर. तिसरी, पाच इंची स्विमबेट (मऊ प्लास्टिकचा मासा) पाऊण औंसाच्या जिगच्या डोक्यावर. चौथी, मोठ्या फ्लटर चमच्याची (बुडताना फडफडणाऱ्या धातूच्या आमिषाची), थवा वर उठला असेल त्या वेळेसाठी. नाव कडेच्या खालच्या अंगाला धरायची, फेक वर करायची आणि आमिष प्रवाहाबरोबर आणायचं, कारण शॅडही तसाच येतो. उलट्या बाजूने फेकून मासे लागत नाहीत म्हणून जागा सोडणारे बरेच दिसतात.

थांबलेल्या कडेसाठी दोन: कॅरोलायना रिग, पाऊण औंस वजन आणि मागे आमिषापर्यंत तीन फुटांची वेगळी दोरी, आणि स्पिनिंग काठीवर ड्रॉपशॉट (वजन खाली, गळ त्याच्या वर), १० पौंड वेणीची दोरी व ८ पौंड फ्लुरोकार्बन. गवतासाठी तीन: बेडकाला ५० ते ६५ पौंड वेणीची दोरी, गवताच्या दाट चटईखाली घुसवायला सव्वा औंस टंगस्टन वजनाची भक्कम काठी, आणि काठावर फिरवायला तीन अष्टमांश औंसाचा स्विम जिग. दहावी, पृष्ठभागावर चालणारं आमिष, पहिल्या तासासाठी. बेडकावर झडप पडली की लगेच ओढायचं नाही. दोरीवर वजन जाणवेपर्यंत थांबायचं. निम्मे मासे इथेच जातात.

फ्लुरोकार्बन दोरी शुक्रवारी नवी भरावी. शिंपल्यांच्या थरावर दोन दिवस घासलेली दोरी बोटांना गुळगुळीत लागते आणि पाच पौंडांच्या माशाला तुटते. सरावात कापलेले गळ बदलून नवे लावणंही शुक्रवारचंच काम. ते विसरलेला माणूस शनिवारी पहिला मासा घालवतो.

मासा जिवंत ठेवणं

मेलेल्या माशाला ४ औंस दंड हा अनेक स्पर्धांत ठरलेला आहे आणि जूनमध्ये तो सहज बसतो. या जोडीने हवा देणारा पंप टायमरवर ठेवला होता आणि तलावाचं पृष्ठभागावरचं पाणी दिवसभर नावेतल्या, मासे ठेवायच्या टाकीत घेत राहिले. दुपारी ते ८४ अंश फॅरनहाइट होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि मासा जास्त मागतो.

नऊच्या सुमारास टाकी आतल्या आत फिरवण्यावर टाकावी, पंप अखंड चालू. ३० गॅलनची टाकी असेल, म्हणजे सुमारे ११३ लिटर, तर ८ पौंड बर्फाने तापमान साधारण ६ अंश फॅरनहाइट उतरतं. तेवढंच हवं, तलावापेक्षा १० अंशांहून जास्त थंड केलं तर सोडताना माशाला धक्का बसतो. बर्फ बंद बाटल्यांत गोठवून न्यावा, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ल्यांना घातक. आयोडीन नसलेलं मीठ ३५० ग्रॅमच्या आसपास टाकलं की ०.३ टक्के द्रावण होतं आणि माशाच्या अंगातले क्षार टिकतात. दर दोन-तीन तासांनी अर्धं पाणी बदलायचं, मग बर्फ आणि बदललेल्या पाण्यापुरतं मीठ पुन्हा.

खोल कडेवरच्या माशाचा आणखी एक प्रश्न. २० फुटांखालून वर आलेल्या बासची हवेची पिशवी फुगते, तो टाकीत कुशीवर पडतो, शेपूट वर. १८ गेजच्या सुईने हवा काढता येते, पण जागा चुकली तर सुई भलत्या अवयवात जाते. ज्याने हे कुणाकडून समोर बसून शिकलेलं नाही त्याने पोटाकडच्या परांना लावायचे वजनदार चिमटे वापरावेत. मासा सरळ उभा राहतो, तेवढं पुरतं.

नियम आणि घड्याळ

अलाबामात दिवसाला दहा ब्लॅक बास (लार्जमाउथ, स्मॉलमाउथ वगैरे मिळून) ठेवता येतात, पण स्पर्धेचा नियम पाचाचा. गंटर्सव्हिलवर लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ दोन्हींना किमान १५ इंच. मोजपट्टीवर तोंड मिटलेलं, शेपटीची टोकं चिमटीत. १५ला टेकतोय की नाही असा वाद झाला तर तो मासा सोडून द्यावा. दंड माशाच्या वजनापेक्षा जास्त पडतो. सराव हीसुद्धा मासेमारीच, त्यामुळे दोघांचे परवाने बुधवारपासून लागू हवेत. सराव संपल्यावर बाहेरच्या कुणाकडून माहिती घेणं बहुतेक स्पर्धांत निषिद्ध असतं आणि विजेत्यांची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी होऊ शकते. शुक्रवारी रात्री ओळखीच्यांचे फोन न घेणं सगळ्यात सोपं. २६ फुटांखालच्या नावेवर वेगात जाताना चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक आहे. स्पर्धेत त्यासोबत जीवरक्षक जाकीटही.

उशिराचा दंड मिनिटाला एक पौंड, पंधरा मिनिटांनंतर सगळं वजन बाद, ही पद्धत प्रचलित आहे. सर्वांत लांबची कड १८ मैलांवर होती. ताशी ५० मैलांनी ते २२ मिनिटं होतात, पण शनिवारी दुपारी इतर नावांच्या लाटा, पुलांखालचा मंद टप्पा आणि एखादी बंद पडलेली बॅटरी धरून ५० मिनिटं राखावीत. म्हणजे शेवटची फेक दोन वाजून दहा मिनिटांनी. या जोडीला पाणी एकच्या सुमारास हलताना दिसलं होतं. पहाट गवतात घालवून तीन मासे आधीच टाकीत असते, तर त्या तासाभरात कडेवरचे दोन मासे भरून पाच पूर्ण झाले असते, आणि नंतरची प्रत्येक झडप लहान मासा बदलून मोठा ठेवण्यासाठी राहिली असती.